इंग्रजी वाचनाच्या पायऱ्या आणि मावळांतील मुलें

(कामशेत येथें पालकांच्या सभेपुढें केलेलें भाषण)



आजच्या भाषणाचा विषय मुलांचें इंग्रजी वाचन हा आहे. हा तर शाळामास्तरांचा विषय, नांगर धरणारानें किंवा दुकानांत बसणारानें त्यांत तोंड कां घालावें, असें कोणी विचारील. त्याला आमचें उत्तर एवढेंच कीं, मूल आपलें आहे आणि फीही आपणच भरतों. गेल्या पंचवीस वर्षांत मावळांत काय घडलें तें आपणांस सांगावयास नको. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा झाला, तळेगांवच्या बाजूला कारखाने उभे राहिले, लोणावळ्यापासून पवना धरणाच्या कांठापर्यंत बंगले उठले, आणि भाताचीं खाचरें एकामागून एक विकलीं गेलीं. त्या पैशाचें कोणीं काय केलें तें ज्याचें त्याला ठाऊक. परंतु पुष्कळांनीं तो पोरांच्या इंग्रजी शाळेवर खर्चिला. "जमीन गेली ती गेली, पोराच्या तोंडीं इंग्रजी तरी येऊं दे," हें वाक्य आम्ही बाजारांत, कचेरीबाहेर, लग्नाच्या मांडवांत कितीदां तरी ऐकलें आहे. जमिनीच्या बदल्यांत जो माल घ्यावयाचा तो पारखून घ्यावा, म्हणून हें भाषण.

प्रथम एक गोष्ट साफ सांगून टाकतों. स्वतःच्या मुलांना इंग्रजी शाळेंत घालून दुसऱ्यांच्या मुलांना "मायबोली राखा" असा उपदेश करणारे लोक या प्रांतांत पूर्वींही होते, आजही आहेत. आम्ही त्यांच्यापैकीं नव्हे. सावित्रीबाई फुले यांनीं १८५४ सालच्या आपल्या 'काव्यफुले' या संग्रहांत शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा आग्रह केला, तो आम्हांला आजही मान्य आहे. मराठी शाळांत पूर्वी इंग्रजी पांचवीपासून असे. २००० सालच्या जूनपासून सरकारनें तें पहिलीपासून सुरू केलें. त्या वेळीं मोठी ओरड झाली होती. आमच्या मतें तो निर्णय न्यायाचा होता. शहरांतल्या मुलानें सहाव्या वर्षीं इंग्रजी अक्षर पाहावें आणि वाडीवरच्या मुलानें दहाव्या वर्षीं, हा कोठचा न्याय?

परंतु दार उघडलें म्हणजे घरांत जाणें झालें असें नाहीं. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकारानें 'असर' नांवाची पाहणी देशांतील खेड्यापाड्यांत होते. घरोघर जाऊन मुलापुढें एक कागद ठेवतात. त्यावर मोठीं इंग्रजी अक्षरें, लहान अक्षरें, सोपे शब्द आणि सोपीं वाक्यें असतात. २०२२ सालच्या पाहणींत पांचवीच्या मुलांपैकीं तीं सोपीं वाक्यें वाचूं शकणारीं मुलें शेंकडा २४.५ निघालीं. २०१६ सालीं हाच आंकडा २४.७ होता. म्हणजे चार मुलांत एक, आणि सहा वर्षांत कांहींच हालचाल नाहीं. हे आंकडे साऱ्या देशाच्या ग्रामीण भागाचे आहेत, एकट्या मावळाचे नव्हेत. तरी आपापल्या वाडीवर आपण हा प्रयोग करून पाहावा, फार फरक पडेल असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां "वाचतां येतें" म्हणजे काय तें पाहूं. आपण हा एकच शब्द वापरतों, पण त्याच्या पोटांत पांच-सहा निरनिराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या जीन चॉल या विदुषीनें १९८३ सालीं वाचनविकासाच्या पायऱ्यांवर एक ग्रंथ लिहिला. तिनें पहिली पायरी शून्य या आंकड्यानें दाखविली, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची पायरी तीच. मूल शाळेंत जाण्यापूर्वी कानानें भाषा सांठवतें, गोष्टी ऐकतें, पुस्तक उलटें धरून वाचण्याचें सोंग करतें, पाटीवर कांहीं तरी "लिहिलेलें" असतें हें त्याला उमगतें. या वयाचें मूल बिस्किटाचा पुडा पाहून "पारले-जी" म्हणतें आणि आईला वाटतें, पोरगें इंग्रजी वाचूं लागलें! तें वाचत नाहीं. गुराख्यानें कळपांतला आपला बैल शिंगांवरून ओळखावा तसें पुडा ओळखतें. हेंही कमी नाहीं, पण तें अक्षरज्ञान नव्हे.

त्यापुढची पायरी अक्षर आणि ध्वनि यांची गांठ बसण्याची. त्यानंतर ती गांठ इतकी सैल हातानें सुटावी कीं अक्षराकडे लक्षच जाऊं नये, डोळा ओळीवरून पाण्यासारखा वाहावा, ही दुसरी. येथपर्यंत मूल वाचावयास शिकत असतें. चौथीच्या सुमारास तिसरी पायरी येते, तेथें मूल वाचून शिकूं लागतें: भूगोल, विज्ञान, पृथ्वीची गति, पिकांचे रोग. चौथ्या पायरीवर एकाच गोष्टीविषयीं दोन लेखकांचीं दोन मतें वाचून तीं ताडून पाहणें येतें, आणि पांचवीवर स्वतःचें मत बनविणें. आपल्या शाळांत मोजमाप होतें तें पहिल्या पायरीचें, दुसरीचें क्वचित्, आणि पुढच्यांचें कोणी नांवही काढीत नाहीं.

चॉलबाईंच्या डोळ्यांपुढें मुख्यतः इंग्रजी घरांतलीं मुलें होतीं. असें मूल सहा वर्षांचें होऊन शाळेंत येतें तेव्हां हजारों इंग्रजी शब्द कानांत घेऊन येतें. आपलें मूलही हजारों शब्द घेऊन येतें, पण ते मराठी. म्हणजे इंग्रजी वाचनाच्या जिन्याची शून्य क्रमांकाची पायरी आपल्या मुलाखालीं नसते, आणि आपण त्याला एकदम पहिलीवर उभें करतों.

ही पायरी नसली तर काय होतें तें मराठीच्याच दाखल्यानें सांगतों. आपण अभिमानानें म्हणतों कीं मराठी जशी लिहिली तशी वाचली जाते. बरेंच खरें आहे. क ला क च म्हणतात, त्याचें नांव तोच त्याचा उच्चार. पण 'चार' आणि 'चारा' हे दोन शब्द घ्या. चार म्हणजे अंक, चारा म्हणजे गुरांचा. दोहोंत च एकच, पण उच्चार निराळे, आणि ते निराळे दाखविणारी एकही खूण लिहिण्यांत नाहीं. तरी दुसरीचें मूल चुकत नाहीं. कां? तें अक्षरांवरून शब्दाजवळ येतें आणि पुढचें काम कान करतो. चारा हा शब्द त्यानें गोठ्यांत शंभरदां ऐकलेला असतो.

आतां इंग्रजीकडे वळूं. तेथें छव्वीस अक्षरें आणि ध्वनि सुमारें चव्वेचाळीस. अक्षराचें नांव एक आणि उच्चार दुसराच. 'डब्ल्यू' या नांवांत व चा पत्ता नाहीं. बी आणि डी हीं लहान लिपींत एकमेकांचीं आरशांतलीं रूपें. ओ, यू, जी, एच हीं चार अक्षरें एका शब्दांत 'टफ', दुसऱ्यांत 'थ्रू', तिसऱ्यांत 'दो' आणि चौथ्यांत 'कॉफ' असें बोलतात. इंग्रजांनीं छापखाने काढले त्या काळांत स्पेलिंगें जवळजवळ ठरून गेलीं आणि लोकांची जीभ मात्र पुढें चालत राहिली, त्याचा हा परिणाम. तेव्हां आपलें पोर अडखळलें म्हणजे तें मठ्ठ आहे असें समजूं नये. युरोपांतल्या तेरा भाषांच्या मुलांची तुलना २००३ सालीं प्रसिद्ध झाली. पहिलें वर्ष संपल्यावर फिनलंड, इटली, ग्रीस येथलीं मुलें सोपे शब्द जवळजवळ सगळे बिनचूक वाचीत होतीं, आणि इंग्रजी शिकणारीं स्कॉटलंडचीं मुलें शंभरांत चौतीस! ज्यांच्या घरांत इंग्रजी, त्यांची ही गत.

याची गंमत आपल्या लोकलगाडींतच पाहावयास मिळते. पुण्याहून लोणावळ्याला येतांना घोरावाडी, तळेगांव, वडगांव, कान्हे, कामशेत, मळवली अशा पाट्या लागतात, मराठींत व इंग्रजींतही. पुण्याच्या इंग्रजी पाटीवर पी, यू, एन, ई अशीं चार अक्षरें आहेत. 'ट्यून' हा शब्दही टी, यू, एन, ई असाच लिहितात. त्या नियमानें पाटी वाचली तर पुण्याचा 'प्यून' होतो, म्हणजे पेशव्यांच्या राजधानीचा चपराशी! आपलें मूल तसें वाचीत नाहीं, कारण पुणें हें नांव त्याच्या कानांत आधींच आहे. लोणावळ्याचेंही तेंच, इंग्रजींत कोठें एक 'ए' कमी घालतात, कोठें जास्त, तरी आपला मनुष्य अडत नाहीं. मावळच्या मुलाच्या हातीं इंग्रजीचें पहिलें पुस्तक द्यावयाचें तर त्यांत आधीं या पाट्या असाव्या, आणि मग टेबल, बस, पेन, तिकीट, डॉक्टर, हॉटेल हे शब्द. हे शब्द आपल्या आजीबाईही बोलतात. त्यांचा कान तयार आहे, फक्त डोळ्याला ओळख करून द्यावयाची. परंतु पुस्तकें निघतात तीं 'ए फॉर ॲपल' पासून, आणि मूल तें गाण्यासारखें म्हणतें. गाणें पाठ झालें म्हणजे अक्षराचा उच्चार कळला असें नाहीं. 'ए बी सी डी' सुरांत म्हणणाऱ्या मुलाला मधलें एकच अक्षर दाखवावें, म्हणजे कळेल.

गफ आणि टनमर या दोघा संशोधकांनीं १९८६ सालीं वाचनाचा एक सोपा हिशेब मांडला. अक्षरें फोडण्याची शक्ति आणि भाषा समजण्याची शक्ति यांचा गुणाकार म्हणजे वाचन. बेरीज नव्हे, गुणाकार. हें शेतकऱ्याला अधिक समजावयास नको: बी कितीही चांगलें असो, पाऊस शून्य तर पीक शून्य. अक्षरें फोडतां येतात पण भाषा कळत नाहीं, त्या मुलाच्या हातीं शून्यच.

इटलींत रोमन लोकांच्या पूर्वीं एट्रुस्कन म्हणून लोक होते. त्यांचे शिलालेख आज कोणीही विद्वान् खडाखडा मोठ्यानें वाचूं शकतो, कारण लिपि ओळखीची आहे. पण भाषेचा बहुतेक भाग लागत नाहीं. उलट आपल्या कार्ल्याच्या लेण्यांतले ब्राह्मी लेख शतकानुशतकें कोणालाच वाचतां येत नव्हते. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यानें ब्राह्मी लिपीचें कोडें सोडविलें, आणि त्याबरोबर अर्थही लागला, कारण प्राकृत भाषा जाणणारे लोक होते. आम्हांस भीति वाटते ती ही कीं, हजारों रुपये फी भरून आपण घरोघर एट्रुस्कन वाचणारीं मुलें तयार करीत आहों. पाहुण्यांपुढें मूल इंग्रजी धडा धाडधाड म्हणतें, सगळे वाहवा करतात, आणि "बाळ, यांत काय सांगितलें आहे?" असें कोणी विचारीत नाहीं. अर्थ न कळतां पोथी म्हणावी आणि ऐकणारानें माना डोलवाव्या, ही चाल मोडण्यासाठीं आपल्या वाडवडिलांनीं एवढी खटपट केली. तीच चाल इंग्रजी वेषांत घरांत येत असेल तर तिला ओळखलें पाहिजे.

खरा घात चौथी-पांचवींत होतो. तोंवर पुस्तकांत मांजर, चटई, आई, बाबा असतात, चित्रें असतात, पाठांतरानें निभावतें. चौथीनंतर पुस्तक बदलतें. बाष्पीभवन, लोकसंख्या, अपूर्णांक हीं इंग्रजींत येतात. हे शब्द चालत्याबोलत्या इंग्रजींतही नसतात, ते फक्त पुस्तकांत भेटतात. चॉलबाईंनीं गरीब घरच्या इंग्रजी मुलांतही येथेंच घसरण पाहिली. आपल्या मुलांची तर दुप्पट घसरण होते, कारण कल्पनाही नवी आणि भाषाही नवी. मग शिकवणी लागते, तेथें प्रश्नोत्तरें पाठ करून घेतात, गुण मिळतात, आणि घसरण दहावीपर्यंत झांकली जाते. कांहीं बाप सातवी-आठवींत मुलाला इंग्रजी शाळेंतून काढून मराठी शाळेंत आणतात. तोंवर त्याचें मराठी वाचनही कच्चें राहिलेलें असतें. असा मुलगा दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.

येथें कोणी म्हणेल, लोणावळ्याचीं, कार्ल्याचीं पोरें तर प्रवाशांशीं फाडफाड इंग्रजी बोलतात. बोलतात खरीं. भुशी धरणावर कणीस विकणारा मुलगा किंवा लोहगडाची वाट दाखविणारा पोर भाव सांगतो, वाट सांगतो, थट्टाही करतो. त्याच पोराला लेण्याजवळच्या पुरातत्त्व खात्याच्या फलकापुढें उभा करा. दोन ओळींत थांबेल. यांत त्याचा दोष नाहीं. कानडांतील जिम कमिन्स या पंडितानें दाखविलें आहे कीं बोलण्यापुरती परकी भाषा दोनेक वर्षांत येते, पण पुस्तकी अभ्यासापुरती यावयास पांच ते सात वर्षें लागतात. आणि हा अंदाज आजूबाजूला इंग्रजीच बोलणाऱ्या मुलुखांतला आहे! त्याच कमिन्सनें १९७९ सालीं मांडलेलें दुसरें मत आपल्या अधिक उपयोगाचें. एका भाषेंत कमावलेली वाचनाची समज दुसरीच्या कामीं येते. मुख्य मुद्दा काढणें, पुढें काय येईल त्याचा अंदाज करणें, न कळलेला शब्द मागच्यापुढच्यावरून ताडणें, हें मराठींत एकदां जमलें कीं इंग्रजींत पुन्हां पहिल्यापासून शिकावें लागत नाहीं. भाताचें रोप आपण आधीं लहानशा वाफ्यांत वाढवितों, मुळें धरल्यावर मोठ्या खाचरांत लावतों. कोवळा कोंब थेट चिखलांत खोंचणारा शेतकरी मावळांत सांपडणार नाहीं.

जोतीराव फुले यांचा दाखला घ्या. ते आधीं मराठी शाळेंत शिकले, मध्यें शाळा सुटली, बागेंत काम केलें, आणि १८४१ सालीं पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेंत गेले. १८४७ च्या सुमारास ते थॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचीत होते. सहा वर्षांत चौथी-पांचवी पायरी! बुद्धि मोठी होतीच, पण पायाखालीं मराठी पक्कें होतें हेंही विसरूं नये. पुढें १८७३ सालीं 'गुलामगिरी' लिहिलें, तेव्हां प्रस्तावना इंग्रजींत घातली, अर्पणपत्रिकेंत अमेरिकेंतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांचें स्मरण केलें, आणि ग्रंथ मात्र माळ्याकुणब्याला कळेल अशा मराठींत लिहिला. इंग्रजींत वाचून मराठींत सांगतां येणें, याहून वाचनाची कसोटी आम्हांस ठाऊक नाहीं.

कातकरी आणि ठाकर वाड्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. कातकऱ्यांची बोली निराळी. त्यांच्या मुलाला पाठ्यपुस्तकाची मराठी हीच अर्धी परकी. त्याला एकाच वेळीं मराठी ग्रंथभाषा आणि इंग्रजी अशा दोन जिन्यांवर चढवितात, आणि वर्षांतले कांहीं महिने आईबाप वीटभट्टीवर गेले म्हणजे तोही जिना सुटतो. अशा मुलाला पहिलीं दोन वर्षें त्याच्या बोलींत गोष्टी ऐकविणारा, त्याच वाडीवरचा कोणी तरुण किंवा तरुणी शाळेंत मदतीला असावी. याला इमारत लागत नाहीं, संगणक लागत नाहीं.

तुम्ही विचाराल, मग मुलाला शाळेंत घालावें तरी कोठें? गणित-विज्ञान इंग्रजींत आणि बाकी मराठींत अशी 'सेमी' पद्धत पुष्कळ शाळांत आहे. शिक्षकाला स्वतःला इंग्रजी वाचून समजत असेल तर ती वाईट नाहीं, नसेल तर पाटी बदलून कांहीं होत नाहीं. शाळेच्या नांवापेक्षां चौथींतल्या मुलाकडे पाहावें. आणि शाळा कोणतीही असो, घरीं मराठी बंद करूं नये. "घरांत इंग्रजीच बोला" असा उपदेश कोठें मिळाला तर तो नम्रपणें ऐकून सोडून द्यावा. ज्या आईला इंग्रजी येत नाहीं तिनें मुलाशीं मोडकेंतोडकें इंग्रजी बोलण्यापेक्षां भरपूर मराठी बोलावें, कारण समज तिच्या बोलण्यांतून वाढते. रोज रात्रीं मुलाकडून इंग्रजी पुस्तकाच्या पांच ओळी वाचून घ्याव्या आणि "आतां हें मला मराठींत सांग" म्हणावें. याला आईबापांना इंग्रजी येण्याची गरज नाहीं. मूल सांगतांना अडलें, उगाच इकडेतिकडे पाहूं लागलें, कीं आपणांस न शिकतांही कळतें. तोच धडा तीनचार वेळां वाचूं द्यावा. अर्थ कळल्यावर पुन्हां वाचणें ही घोकंपट्टी नव्हे, त्यानेंच वाचनाला गति येते. आजोबा-आजी घरांत असतील तर त्यांना मुलानें मराठी वर्तमानपत्र वाचून दाखवावें.

शेवटीं एक कामाची गोष्ट. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणें जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिति आहे. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. आज या सभेंत बसलेल्यांपैकीं कित्येक जण अशा समित्यांवर आहेत. समितीची बैठक म्हणजे सहीचें पुस्तक फिरवून चहा पिणें अशी चाल पुष्कळ ठिकाणीं पडली आहे. पुढच्या बैठकीला चौथीच्या वर्गांतलीं पांच मुलें बोलवा; पहिल्या बाकावरचीं नकोत, मास्तरांनीं निवडलेलीं नकोत, हजेरीपटांतलीं कोणतींही पांच. त्यांच्यापुढें त्यांनीं पूर्वी न पाहिलेला इंग्रजी मजकूर दहा ओळींचा ठेवा, तो मोठ्यानें वाचूं द्या, आणि मग पुस्तक मिटून त्यांत काय होतें तें मराठींत विचारा. किती जणांनीं सांगितलें तो आंकडा बैठकीच्या वहींत लिहा, खालीं तारीख घाला, आणि सहा महिन्यांनीं दुसरीं पांच मुलें बोलवा. ज्यांचीं मुलें खासगी शाळेंत आहेत त्यांनीं हेंच आपल्या ओट्यावर करावें.